पदराच्या गाठीतला नॉब

आमचे धर्माजी दाजी स्वस्थ बसलेले मी कधी पाहिले नाहीत. माझ्या चंद्राताईचा आणि त्यांचा लग्नातला एक फोटो आहे. त्यात मांडव, भटजी, मुंडावळ्या, ताईचं खाली घातलेलं तोंड, सगळं स्पष्ट आलंय. फक्त दाजींचा उजवा हात पुसट आहे. फोटोवाला म्हणे सारखा सांगत होता, नवरदेव, हलू नका. नवरदेव हलले.

जेवायला बसले की ते तांब्या फिरवत राहतात. कोणाकडे मयताला गेले तरी तिथे तिरडीच्या गाठी ओढून बघतात. माझ्याकडे कर्जतला यायचे तेव्हा चहा होईपर्यंत माझ्या दाराची कडी, स्टोव्हची पिन, रेडिओचा काटा असं सगळं एकेकदा त्यांच्या हाताखालून जायचं, आणि त्यातलं निम्मं नंतर मला दुरुस्त करून घ्यावं लागायचं. मी कर्जत स्टेशनात पार्सल ऑफिसात होतो. माझं काम बसून करायचं, आणि मला बसायला आवडायचं. दाजींना ह्याचा मनापासून राग होता.

"नामा," ते म्हणायचे, "तुझ्या बुडाला मुळ्या कशा फुटत नाय रं?"

"तुमच्या पायांना चाकं फुटली तेव्हाच फुटतील," मी म्हणायचो. मेव्हण्याला दाजींना एवढं बोलायचा हक्क असतो आणि मी तो पुरेपूर वापरला.

घरादाराचं त्यांना एकच सांगणं असायचं, जरा थांबा. ताई सांगायची, त्यांची आई असेपर्यंत आई सांगायची, हिरू बोलायला लागली तेव्हा तीही सांगायला लागली, "बाबा, थांबा ना." दाजी "व्हय व्हय" म्हणायचे आणि उठायचे.

असा माणूस ड्रायव्हर झाला ते बरंच झालं. रसायनीच्या एका कारखान्यातल्या मोठ्या साहेबाची अँबॅसेडर त्यांच्याकडे होती. खालापुरातून सकाळी सायकलने जायचं, साहेबाला घेऊन कधी मुंबई तर कधी पुणे गाठायचं. त्या गाडीत साहेबाने मुंबईहून एसी बसवून घेतला होता. आमच्या भागात तेव्हा एसीची गाडी म्हणजे लोक काचेला नाक लावून बघायचे. डॅशबोर्डाखाली एक पेटी, पेटीवर एक गोल काळा नॉब, नॉब फिरवला की थंड वारा.

त्या नॉबाने दाजींच्या हाताला जन्माचं काम दिलं. बोरघाटात चढताना एसी बंद करायचा, म्हणजे इंजिनावर ओझं येत नाही आणि पाणी उकळत नाही, ही सगळ्याच घाटातल्या ड्रायव्हरांची रीत. ते खोपोली सुटली की बंद करत आणि खंडाळ्याला चालू करत. आमचे दाजी मात्र प्रत्येक वळणाला करत. चढ आला, बंद. चार हात सपाटी आली, चालू. पुढे ट्रक दिसला, बंद. ट्रक मागे टाकला, ॲक्सिलेटर दाबलेला तसाच ठेवून चालू. मागे साहेब पेपर वाचत बसलेला असायचा. तो एकदा म्हणाला, "धर्माजी, मला एक काय ते द्या, थंडी तरी नाही तर उकाडा तरी." दाजी "व्हय साहेब" म्हणाले आणि पुढच्या वळणाला हात नॉबावर.

साहेब कारखाना सोडून परगावी गेला तेव्हा ती जुनी गाडी दाजींनीच घेतली. लग्नाची भाडी, माथेरानला जाणाऱ्यांना दस्तुरीच्या गाडीतळापर्यंत पोचवणं, असं ते चालवू लागले. पण गाडी घेण्यामागे खरं कारण ताई होती.

ताईला दमा आहे. धूळ नाही इतकी, पण ट्रकचा धूर तिच्या छातीत असा बसतो की ओठ निळे पडतात. हिरूचं लग्न तळेगावला झालं, म्हणजे घाटावर, आणि तेव्हापासून मायलेकींच्या मध्ये घाट येऊन बसला. चौऱ्याऐंशीत हिरूला पहिल्यांदा दिवस होते. बाळंतपणाला लेक आईकडे येते, तशी तिला सातव्यात आणायची ठरली होती, पण त्याआधीच तिच्या पोटात दुखायला लागलं. ताई मिळेल त्या एसटीत बसली. घाटात मध्येच ट्रक आडवा झाला होता, गाड्या धूर सोडत उभ्या होत्या. ताईचा श्वास अडकला. लोकांनी तिला उतरवून एका जीपमध्ये घालून खाली खोपोलीच्या दवाखान्यात आणलं. तिकडे हिरूचं मूल वाचलं नाही. हिरू नंतर एकदाही म्हणाली नाही की आई, तू आली नाहीस. म्हणाली असती तर ताईला बरं वाटलं असतं.

मी रेल्वेतला माणूस, त्यामुळे मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो की आगगाडीने नेतो, धूर नाही, काही नाही. एकदा नेलीही. कर्जत सुटल्यावर घाटातले बोगदे सुरू झाले. एकामागून एक अंधार, कोंदट वास, आणि माझ्या हाताला धरलेली तिची बोटं गार पडत गेली. लोणावळ्याला उतरून पहिल्या गाडीने परत आलो. त्यानंतर रेल्वेचं नाव मी त्या घरात काढलं नाही.

आणि मग एकदा, गाडी अजून साहेबाची असतानाच, दाजींनी तिला सहज गाडीत बसवून काचा चढवल्या आणि एसी लावून खोपोलीपर्यंत फिरवून आणलं. त्या एसीचं बरं असं की तो आतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. पुढे ट्रक, मागे ट्रक, आणि ताई आत चक्क डुलकी घेत होती. दाजी घरी येऊन अंगणात तीन फेऱ्या मारून आले, इतका त्यांना आनंद झाला.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात हिरूला पुन्हा दिवस भरत आले. डॉक्टरने तिला खाटेवरून हलू नको म्हणून सांगितलं, रक्तदाब वाढला होता. तिला माहेरी आणणं शक्यच नव्हतं. म्हणजे ह्या खेपेला आईनेच घाट चढून लेकीकडे जायचं होतं. ताईने कुंची शिवली, जुन्या लुगड्यांच्या दुपट्या केल्या, आणि पाचवीला बाळाला ठेवायला नवंकोरं सूप आणून भिंतीला टांगून ठेवलं. सगळं तयार झालं आणि एसी बिघडला.

बिघडला तोही कसा, तर सुरुवातीला चांगला गार वारा द्यायचा आणि इंजिन तापलं की अर्ध्या तासात गरम. दाजींनी पहाटे एकट्याने घाटात नेऊन पाहिलं, तरी शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपास थंडी संपली. जिथे ताईला हवा, नेमका तिथेच तो दगा देत होता. खोपोलीचा मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर गेला, मुंबईला पाठवा, महिना लागेल. महिना हिरूकडे नव्हता.

दाजी दोन दिवस त्या गाडीभोवती फिरले. ताई ओसरीवर बसून बघत होती. ती काही म्हणत नव्हती, आणि तेच दाजींना सहन होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती, मी खालापूरला गेलो, तर बॉनेट उघडं, इंजिन चालू, आणि दाजी माझी वाटच बघत होते.

"आत बस नामा. मी सांगीन तवा नॉब फिरव. तुला बसायचंच काम दिलंय."

मी बसलो. नॉब इतका ढिला झाला होता की फिरवताना हातातच आला. दाजींच्या बोटांनी त्याची आतली पकड पार झिजवली होती. मी तो परत खोचला आणि फिरवला. एकदा टक् असा आवाज आला, वारा गार झाला. पुष्कळ वेळाने, इंजिन तापल्यावर पुन्हा फिरवला, तर आवाज नाही. दाजींनी लाटणं घेतलं, ताईचंच, आणि त्याच्या टोकाने आत कुठेतरी दाबलं. टक्. वारा गार.

"सापडलं," दाजी म्हणाले. "कॉम्प्रेसर चांगला हाय. ह्येचा क्लच गेलाय."

तो क्लच मला त्या दिवशी कळला आणि आता जन्मभर विसरणार नाही. इंजिन चालू असलं की पट्टा कॉम्प्रेसरची पुली फिरवत राहतो, पण ती नुसती मोकळी फिरते. पुलीसमोर, अगदी थोड्या फटीवर, एक लोखंडी चकती असते. नॉब फिरवला की पुलीमागच्या तारांच्या वेटोळ्याचं लोहचुंबक होतं, ते चकतीला ओढून पुलीला चिकटवतं, टक् होतं, आणि मग कॉम्प्रेसर फिरतो. चकती झिजली की फट वाढते. गार असताना चुंबकात जोर असतो, तोवर ते ओढतं. तापलं की जोर कमी पडतो आणि फट ओलांडत नाही. एवढंच होतं. चकती मागे थोडी सरकवली की झालं, आणि त्यासाठी गॅसची नळी सोडायचीसुद्धा गरज नव्हती.

चिंचेखाली गाडी घेतली. पट्टा काढला. चकतीच्या मधला नट सोडवला, पण चकती दांड्यावर घट्ट बसली होती. दाजींनी एक लोखंडी पट्टी, तिला दोन भोकं आणि दोन लांब बोल्ट असं काहीतरी जमवलं आणि बोल्ट आवळत आवळत चकती बाहेर ओढली. ह्या सगळ्यात त्यांचे हात इतके झपाझप चालले होते की पाना कुठे ठेवला ते त्यांना दर वेळी शोधावं लागत होतं. "चंद्रे, पाना. नामा, पाना. अगं हितंच होता." तो त्यांच्या काखेत होता.

चकती हातात आली तशी ती त्यांनी उन्हात धरली. तिच्या तोंडावर गोल गोल चरे पडले होते आणि कडेला निळी-जांभळी झाक आली होती. दाजी बघत राहिले. मला वाटतं, त्या दिवसातला तेवढा एकच क्षण ते हलले नाहीत.

"काय झालं?" मी विचारलं.

"जळलीय ही. इंजिन जोरात असताना चकती धरली की ती आधी घसरते, मग चिकटते. दर खेपंला थोडी जळते." मग अंगठ्याने चरे चोळत म्हणाले, "हे मीच खाल्लं, नामा. वळणावळणाला."

ताई ओसरीवर होती. तिने ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "आता खाल्लं ते खाल्लं. पुढचं करा." पण तिचा आवाज कोरडा होता आणि दाजींची मान खाली गेली.

चकतीमागे दांड्यावर कागदासारखे पातळ तीन वॉशर होते. ते काढले की चकती तेवढी मागे जाते. ज्या कारागिराने एसी बसवला होता त्याने दाजींना फटीचं माप सांगून ठेवलं होतं. दाढीची पाच पाती एकावर एक ठेवून आत सरकली पाहिजेत, सहावं अडकलं पाहिजे. खरं तर एक वॉशर काढून, चकती लावून, पाती घालून बघायचं आणि मग लागलं तर दुसरा. पण एक एक करून बघणं दाजींच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी दोन काढले, चकती ठोकून बसवली, नट आवळला, पट्टा चढवला, आणि पाती घरातून आणायला जाण्याऐवजी सरळ इंजिन चालू केलं.

नॉब बंद होता. तरीही चकती पुलीला घासत होती. चर्र असा आवाज झाला आणि जळका वास अंगणभर पसरला. ताईने पदर नाकाला लावला आणि आत गेली. मी इंजिन बंद केलं.

"एक परत घालायला पायजे," दाजी म्हणाले. "कुटं ठेवले मी ते?"

ते त्यांनी ठेवले नव्हते, भिरकावले होते. काढलेली वस्तू टाकायची आणि पुढच्या कामाला लागायचं हा त्यांचा नेहमीचाच खाक्या. एक चिंचेच्या मुळाशी सापडला, पण तो वाकून दुमडला होता. दुसरा मिळाला नाही. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून माती चाळत होतो. कोंबड्या बाजूला हाकलल्या. दाजी इकडे शोधून तिकडे, तिकडे शोधून पुन्हा इकडे, आपणच चाळलेली माती परत चाळत होते.

तेवढ्यात नागू दुकानदार रस्त्यावरून धावत आला. गावात फोन त्याच्याकडेच होता.

"धर्माजीभाऊ, तळेगावहून फोन होता. हिरूला दवाखान्यात नेलीय. आजच काय ते होईल म्हंतात. पोरगी आईला इचारते, सारखी."

ऊन डोक्यावर आलं होतं. घाटात ह्या वेळी ट्रकांची रांग असते हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. दाजी उभे राहिले, बसले, परत उभे राहिले. "टेंपो बघू का? नाय, टेंपो नको. रेल्वे... नाय." मग पुन्हा मातीत हात.

ताई बाहेर आली. तिच्या हातात शिवणाची कात्री होती आणि पावडरीचा रिकामा डबा.

"केवढा पायजे?" तिने विचारलं.

दाजींनी दुमडलेला वॉशर तिच्या तळहातावर ठेवला. ती ओसरीच्या पायरीवर बसली. डब्याचा पातळ पत्रा तिने कापला, उखळात घालून बत्त्याने सपाट केला, त्यावर तो वॉशर धरून सुईने रेघ ओढली, आणि ब्लाउजची बाही कापावी तशी सावकाश गोल कात्री फिरवली. मधलं भोक पाडायला खिळा, मग बारीक कानस. तिचा श्वास वाजत होता, पण हात जराही हलत नव्हता. दाजी तिच्यासमोर उकिडवे बसले होते आणि एकसारखे पुढे वाकत होते.

"उजेड सोडा," ती म्हणाली.

वॉशर बसवला. ह्या वेळी पाती आधी आणली, मग चकती लावली. पाच आत गेली. सहावं अडकलं. दाजींनी ते दोनदा करून बघितलं असतं, पण ताई आत जाऊन लुगडं बदलून आलीसुद्धा.

गाडीत बसताना पिशवी मागे माझ्याजवळ, सूप माझ्या मांडीवर. ताई पुढे दाजींशेजारी बसली. ती एरवी पुढे बसत नाही.

"काचा घ्या वर," ती म्हणाली. "इंजिन चालू करा. जोरात नको. आता लावा."

दाजींनी नॉब फिरवला. टक्. वारा आला. ताईने हात पुढे केला, नॉब ओढून काढला, पदराच्या टोकात ठेवला आणि घट्ट गाठ मारली.

"हे काय गं?"

"तळेगावात देते."

दाजींनी गिअर टाकला.

खोपोलीपर्यंत ठीक होतं. खोपोली सुटली, चढ लागला, आणि दाजींचा डावा हात आपोआप खाली गेला. तिथे नॉबाजागी नुसता लोखंडी दांडा, बोटाच्या चिमटीत न फिरणारा. हात परत वर आला. पुढच्या वळणाला पुन्हा खाली. ताई समोर बघत होती. शिंग्रोबाला दाजींनी वेग कमी करून हात जोडले, नेहमीचा पैसा टाकला नाही कारण काच उघडायची नव्हती. "येताना देतो बाबा," असं पुटपुटले. वारा गार होता. एरवी इथेच तो संपायचा. मी मागे बसून त्या पत्र्याच्या वॉशरचा विचार करत होतो.

आणि वरच्या मोठ्या वळणावर रांग लागली. पुढे कुठेतरी ट्रक बंद पडला होता. आमच्या पुढे कोळशाचा ट्रक, मागे टँकर, बाजूला कडा. सगळ्यांची इंजिनं चालू, काळा धूर उभ्या काचांवर येऊन फिरत होता. आत एक कणही येत नव्हता. ताईचा श्वास वाजत होता तेवढाच वाजत होता, वाढला नव्हता. पण गाडी उभी, इंजिन चालू, एसी चालू, मे महिन्याची दुपार. तापमानाचा काटा चढायला लागला.

दाजींनी काट्याकडे बघितलं, मग ताईकडे.

"चंद्रे, नॉब दे."

ताईने मान हलवली.

"थोडा वेळ बंद करतो. इंजिन उकळंल गं. मग सगळंच बंद पडंल."

ताईची मूठ पदराच्या गाठीवर होती. "मागल्या खेपंला," ती म्हणाली, "मी हितूनच माघारी फिरले. ह्याच वळणावरून."

काटा आणखी वर गेला. दाजींचे गुडघे हलत होते, बोटं स्टिअरिंगवर वाजत होती, नजर काट्यावर, ट्रकवर, पुन्हा काट्यावर. मग ते एकदम मागे वळले आणि माझ्या मांडीवरच्या सुपाकडे बघत राहिले. ताईने ते बघितलं. ते सूप तिने आणून कोणाला हात लावू दिला नव्हता.

"दे त्येंना, नामा," ती म्हणाली.

दाजींनी दार उघडलं, बाहेर पडले आणि लावलं, इतक्या चटकन की धुराला आत यायला जागाच मिळाली नाही. डिकीतून त्यांनी पाण्याचे दोन कॅन काढले. बॉनेट उघडून जरा खाली आणलं, दांडीला अडकवलं, आणि त्या फटीतून आम्हाला ते दिसत होते. रेडिएटरच्या जाळीवर पाणी शिंपडायचे आणि सुपाने वारा घालायचे. पुन्हा पाणी, पुन्हा वारा. दोन्ही हातांनी सूप धरून, गुडघे वाकवून, पूर्ण अंगाने. धोतर काळं झालं, तोंड काळं झालं. टँकरचा क्लीनर खाली उतरून बघत उभा राहिला.

"काय काका, भात पाखडताय का?" त्याचा आवाज काचेतून पुसट आला.

दाजींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मी दाराच्या कडीला हात घातला, मला वाटलं, आपण जाऊन पाणी तरी शिंपडावं. "दार नाय उघडायचं," ताई म्हणाली, आणि मी हात काढला. मग आम्ही दोघं गार हवेत बसून तो माणूस बाहेर आगीत नाचताना बघत राहिलो. काटा होता तिथे थांबला होता. मग कणभर खाली आला. ताई काट्याकडे बघत नव्हती, ती काचेतून त्यांच्याकडे बघत होती, आणि तिचे ओठ निळे नव्हते.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. रांग हलली. दाजी धावत आत आले, दार लावलं, सूप मागे माझ्याकडे फेकलं आणि गिअर टाकला. त्यांच्या अंगाला धुराचा असा वास होता की ताई एकदा खोकली. दाजी दाराकडे सरकून बसले, जितकं सरकता येईल तितकं, आणि खंडाळा येईपर्यंत तसेच अंग चोरून गाडी चालवत राहिले. सपाटी लागली तरी त्यांचा हात खाली गेला नाही.

तळेगावला दवाखान्याच्या पायऱ्या ताई स्वतः चढली. हिरूने दारातून आवाज ऐकला आणि आतून ओरडली, "आई?" ताई आत गेली आणि दार लागलं. दाजी बाहेर व्हरांड्यात येरझारा घालू लागले. नर्स म्हणाली, बाबा, जरा बसा. दाजी "व्हय" म्हणाले. दिवे लागायच्या आत मुलगी झाली, आणि रडली. तिचं रडणं ऐकून दाजी भिंतीला टेकले आणि तेही रडले.

पाचवीच्या दिवशी मी पुन्हा गेलो होतो. हिरूच्या सासूबाई, जानकीबाई, ह्यांनी पाट मांडला होता, ज्वारी मांडली होती. बाळाला सुपात ठेवायची वेळ आली तेव्हा ताईने आपलं सूप काढलं. तिने ते घासून घासून धुतलं होतं, पण काठाला काळं होतं ते होतंच, आणि एका बाजूच्या बांबूच्या कामट्या सुटल्या होत्या.

"विहीणबाई, असलं काळं सूप?" जानकीबाई म्हणाल्या. "पोरीच्या अंगाला लागंल. आमच्याकडं कोरं हाय."

दाजी दारात उभे होते. त्यांनी मान फिरवली.

"लागू द्या," ताई म्हणाली. "ह्या सुपाच्या वाऱ्यानं मी हितवर आले."

तिने दुपटं घातलं आणि नातीला त्यात ठेवलं. मग पदराची गाठ सोडली. लुगडं बदललं तरी एवढे दिवस ती नॉब नव्या पदराला बांधत आली होती. नॉब काढून तिने दाजींच्या हातावर ठेवला. दाजींनी तो बघितला, खिशात टाकला, आणि येऊन सुपाजवळ मांडी घालून बसले. थोडा वेळ बसले. मग त्यांचा हात पुढे गेला, सुपाची कड धरली, आणि ते सूप हळूहळू हलवू लागले. पोर झोपली होती. हिरू बघत होती, ताई बघत होती, मीही बघत होतो, आणि थांबा असं त्यांना कोणी म्हणालं नाही.